शनिवारी थांबणारा घाणा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठवाड्यातल्या वसमतच्या घराघरांत घट बसले. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात गहू-ज्वारीचं बी, मधोमध मातीचा घट, वर नागवेलीची पानं आणि नारळ. त्याच दिवशी यहुदी पंचांगाचं ५७८५ वं वर्ष सुरू झालं आणि मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगांत, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरांत, मेंढ्याच्या शिंगाचं शोफर फुंकलं गेलं. पुढच्या वर्षी तर जुळणी अधिकच झाली. १३ मार्च २०२५ ला होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम हा यहुदी सण लागला. १२ एप्रिलला हनुमान जयंती होती, त्या संध्याकाळी पेसाह म्हणजे वल्हांडण सण सुरू झाला. ६ ऑक्टोबरला कोजागरीचं दूध आटत होतं, तेव्हा सुक्कोथ हा मांडवांचा सण लागत होता.

यामागे साधा हिशेब आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकराएक दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही, तर सण ऋतू सोडून फिरू लागतात. इस्लामी पंचांगात ही भर घालत नाहीत, म्हणून मोहरम कधी पावसाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. मराठवाड्यात सवाऱ्या पाहत मोठ्या झालेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हिंदू आणि यहुदी या दोन्ही परंपरांनी मात्र चंद्र सोडला नाही आणि ऋतूही सोडला नाही. १९ वर्षांत ७ महिने जादा घातले की २३५ चांद्रमास होतात आणि सूर्य-चंद्राचा मेळ बसतो. आपण त्याला अधिक मास म्हणतो, धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला अनारशांचं वाण देतो. यहुदी पंचांगात त्याच कामासाठी अदार महिना दोनदा येतो.

फरक आहे तो महिना घालण्याच्या पद्धतीत. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक. म्हणून तो कधी श्रावण असतो, जसा २०२३ मध्ये होता, कधी ज्येष्ठ असतो, जसा २०२६ मध्ये. यहुद्यांचं कोष्टक ठरलेलं आहे. १९ वर्षांच्या चक्रात तिसरं, सहावं, आठवं, अकरावं, चौदावं, सतरावं आणि एकोणिसावं वर्ष तेरा महिन्यांचं, आणि जादा महिना दरवेळी अदारच. कारण त्यानंतरच्या निसान महिन्यात वल्हांडण येतो आणि तो वसंतातच पडला पाहिजे, अशी तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी आपला अधिक महिना आधी येऊन जातो, त्यांचा सहा-आठ महिन्यांनी येतो आणि मधल्या काळात दोन्ही पंचांगं एक महिन्याने दुरावतात. २०२६ मध्ये यहुदी नववर्ष घटस्थापनेच्या जवळ न पडता गणेश चतुर्थीच्या दोनच दिवस आधी येतं. त्यापुढच्या मार्चमध्ये त्यांचा जादा अदार होऊन गेला की होळी आणि पुरीम पुन्हा एका पौर्णिमेला.

आणखी एक फरक रोजच्या जगण्यात जास्त जाणवतो. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. उगवतीला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवारी दिवेलागणीला घरातली बाई दिवे लावते आणि शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस लागतो. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की तो संपतो.

ही दोन पंचांगं एकाच गावात, एकाच भाषेत, शेजारी शेजारी नांदली ती महाराष्ट्रात. हिंदू आणि यहुदी धर्माची तुलना करायला कित्येक जण बनारस आणि जेरुसलेम अशी नावं घेतात. मराठी वाचकाला इतकं लांब जायचं कारण नाही. रोहा, पेण, चौल, रेवदंडा, अलिबाग, मुरूड या पट्ट्यात बेने इस्राएल नावाचा समाज अनेक शतकं राहिला. मराठी बोलला, नऊवारी नेसला, गावावरून आडनावं घेतली : केहिमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर, नवगावकर. सिनेगॉगला ही मंडळी मशीदच म्हणत. अभिनेता डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, कवी निस्सीम इझिकेल, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, हे सगळे याच समाजातले.

त्यांची मूळकथा अशी : पूर्वज गलबतातून येत होते, अलिबागजवळ नवगावपाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे तिथेच किनाऱ्यावर पुरले. पोथ्या-पुस्तकं समुद्रात गेली. चित्पावनांच्या परशुरामकथेतही समुद्रातून आलेले चौदाच देह आहेत, आणि तेवढ्यावरून चित्पावन मूळचे यहुदी, असं बिनदिक्कत लिहिणारे आजही भेटतात. एका किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी एकमेकांची कथा ऐकली असेल, एवढंच त्यातून निघतं. दोन धर्मांचं साम्य दाखवण्याच्या नादात असल्या गोष्टींवर इमारत उभी करणारं लेखन खूप आहे. वाचकाने त्यापासून दूर राहावं. बेने इस्राएलांच्या रक्तात पश्चिम आशियाई यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही अंश आहेत, आणि ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांमागे झाली असावी, असा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात निघाला. कथेपेक्षा तो अधिक भरवशाचा आहे.

कोकणात त्यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. या नावात गावाचा सगळा व्यवहार आला आहे. तुमचा देव कोणता, तुमचा ग्रंथ कोणता, हे गावाने विचारलं नाही. तुम्ही काय करता आणि कोणत्या दिवशी करत नाही, एवढं पाहिलं आणि त्यावरून जात ठरवून टाकली.

हिंदू धर्मात शब्बाथासारखं काही नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. आपल्याला उपवास माहीत आहेत, अनध्याय माहीत आहे, अमावास्येला औत न धरणं माहीत आहे. पण आठवड्यातला एक दिवस सगळ्यांनी, मालकाने आणि गड्याने, घरच्याने आणि पाहुण्याने, काम म्हणून काम करायचं नाही, हा दंडक आपल्याकडे कधी नव्हता. तोराच्या या आज्ञेत बैलही येतो. वसमतच्या शेतकऱ्याच्या घरी वर्षातून एकदा पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शनिवार तेल्याच्या घाण्याचा बैल दर आठवड्याला मोकळा उभा राहत असे. कनवाळूपणा दोन्हीकडे आहे. पण पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, तर शब्बाथाला कोणाचीही पूजा नाही, बैल मोकळा असतो तो धन्याच्या बरोबरीने. माझ्या मते यहुदी परंपरेने जगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी ही विश्रांती आहे, आणि ती घ्यायला धर्म बदलावा लागत नाही.

आता त्यांचे सण पाहू. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये तेल अवीवला. त्यात जुन्या बेने इस्राएलांच्या सणांची मराठी नावं आहेत. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. नव्या धान्याच्या खिरीचा तो खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा कडक उपवासाचा दिवस, योम किप्पूर, तो दार फळणीचा सण. त्या दिवशी घराची दारं लावून आत बसायचं, बाहेरच्या कोणाला शिवायचं नाही. पुरीम म्हणजे होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी सोललेल्या वालांचं बिरडं खायचं. वल्हांडण म्हणजे अणशी ढाकायचा सण : आंबट कालवणाचं भांडं या दिवसांत झाकून बाजूला ठेवायचं.

हे शेवटचं नीट पाहण्यासारखं आहे. वल्हांडणाला यहुदी घरात आंबवलेलं काही ठेवत नाहीत. इजिप्तच्या गुलामीतून पूर्वज घाईघाईने निघाले, पीठ आंबायलाही वेळ नव्हता, याची ती आठवण. कोकणातल्या बेने इस्राएलांकडे पोथी नव्हती, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हता, हिब्रू वाचता येणारा माणूस नव्हता. मोशे, फारो, तांबडा समुद्र, सगळी कथा विस्मरणात गेली होती. तरी घरातली बाई वर्षाच्या त्या दिवसांत आंबट भांडं झाकत राहिली. का झाकायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सासूने झाकलं म्हणून तिने झाकलं.

तसंच दार फळणीच्या सणाचं. आदल्या दिवशी पितर घरी येतात आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, अशी समजूत होती. शिळ्या सणाला गोरगरिबांना दानधर्म करायचा. तोरात हे कुठेही नाही. पण आपला पितृपक्ष याच सुमाराला येतो, एरवी सर्वपित्री अमावास्येनंतर दहाएक दिवसांनी हा सण पडतो. शेजारच्या घरात पितरांना जेवू घातलं जात असताना आपल्या घरचे पितर कुठे आहेत, हा प्रश्न पडणं साहजिक होतं. शेजाऱ्याकडून घेतलेलं हे उत्तर त्यांनी आपल्या सणाच्या आत नेऊन बसवलं, सण मात्र बदलला नाही.

हे लोक यहुदी आहेत हे ओळखलं कसं, याची गोष्ट त्या समाजात अजून सांगतात. दाविद राहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला. काही जण ही घटना हजार वर्षांमागची मानतात, काही अठराव्या शतकातली, कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडलेली. त्याने सुंता पाहिली, शनिवारचा खाडा पाहिला, तरी खात्री पटेना. मग त्याने एका घरच्या बायकांपुढे मासळी ठेवली, मुद्दाम मिसळून. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी वेगळी काढली आणि बाकीची बाजूला सारली, ही आमच्यात चालत नाही म्हणून. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या हे सगळं कोकणात घरोघरी शिजतं, तिथे राहून ते न खाणं ही सोपी गोष्ट नाही. राहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून तयार केलं, त्यांची घराणी पुढे काजी म्हणून मान पावली.

मला या दोन धर्मांच्या नात्याचं मर्म इथे दिसतं. हिंदू आणि यहुदी धर्म सर्वांत जवळ येतात ते देवाच्या कल्पनेत नव्हे, तर स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, बाळाच्या पाळण्यापाशी आणि मयताच्या घरी. काय मानता, यापेक्षा काय पाळता, हा प्रश्न दोन्हीकडे मोठा आहे. ख्रिस्ती होण्यासाठी एक श्रद्धा उच्चारावी लागते. हिंदू घरात जन्मलेल्याला आणि यहुदी आईच्या पोटी आलेल्याला अशी कसली कबुली द्यावी लागत नाही. दोन्हीकडे देव न मानणारा माणूसही आपल्यातलाच राहतो. दोन्ही धर्म दारोदार जाऊन माणसं गोळा करत नाहीत. म्हणूनच ते शतकानुशतकं शेजारी राहिले आणि एकानेही दुसऱ्याला गिळलं नाही.

स्वयंपाकघराचंच घ्या. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, त्यांची भांडीही वेगळी ठेवायची, रक्त पुरतं काढल्याशिवाय मांस शिजवायचं नाही, हे कोशेरचे नियम. सोवळ्यातला स्वयंपाक, खरकटं, चातुर्मासातलं कांदा-लसूण वर्ज्य करणं या सगळ्यांत वाढलेल्या आजीला त्यात नवल वाटणार नाही. नियमाचं कारण विचारलं तर दोन्हीकडे तेच उत्तर मिळतं : आपल्यात असंच असतं. आणि नियमांवरचे वादही तसेच. उपवासाला भगर चालते की नाही यावर घराघरांत वेगळं मत असतं. वल्हांडणाला युरोपातले कित्येक यहुदी भात वर्ज्य मानतात, बेने इस्राएल खुशाल खातात. नारळाच्या दुधाने तर त्यांचा मोठाच पेच सोडवला. मांसाचं जेवण झाल्यावर दुधाचं गोड चालत नाही, पण गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजवला की नियमही पाळला जातो आणि सणही गोड होतो. शब्बाथाच्या आशीर्वादाला द्राक्षाचा मद्यरस लागतो. कोकणात तो मिळेना, तर मनुका भिजवून त्यांचं सरबत केलं. शेजाऱ्यांचा मान राखून गोमांस बहुतेकांनी वर्ज्य केलं, विधवेचं पुन्हा लग्न लावणंही सोडलं. दुसऱ्याकडून घेतलेलं सगळंच चांगलं नव्हतं, हेही यात आलं.

बेने इस्राएलांचा मलिदा म्हणजे तर दोन्ही परंपरांची भेटच. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, सगळं एका मोठ्या ताटात कालवून त्याचा ढीग करायचा. भोवती फळं मांडायची, वर गुलाबाची फुलं. पांढऱ्या चादरीवर मधोमध हे ताट ठेवून मंडळी भोवती बसतात. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं स्मरण करतात, शेमा ही प्रार्थना म्हणतात. मग झाडाच्या फळासाठी एक आशीर्वचन, जमिनीत उगवणाऱ्या फळासाठी दुसरं, सुगंधासाठी तिसरं, असं एकेक म्हणून प्रत्येक जिन्नस हातात दिला जातो. मूल झालं, नोकरी लागली, दुखणं टळलं, लग्न ठरलं की मलिद्याचा नवस फेडायचा. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे, आणि लोक तिथे जाऊन नवस बोलतात.

मांडणीवरून सत्यनारायणाचा प्रसाद आठवेल. पण ताटापलीकडे पाहिलं तर चौरंग नाही, मूर्ती नाही, तसबीर नाही. पोहे कोणाला दाखवलेले नाहीत. आपला नैवेद्य आधी देवाला, मग आपल्याला. मलिदा देव खात नाही. देवाचं नाव घेऊन, त्याचे आभार मानून माणसं खातात. बाहेरून इतक्या सारख्या दिसणाऱ्या कृतीत दोन धर्म वेगळे होतात ते नेमके इथे.

देवाचं रूप करायचं नाही, ही यहुदी धर्माची आज्ञा तडजोड जाणत नाही. तरी मूर्तीशी आपण जसं वागतो, तसं ते कोणाशीच वागत नाहीत असं समजू नये. सिनेगॉगमध्ये जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत एक कपाट असतं, त्यात तोराची गुंडाळी. चामड्याच्या पानांवर लेखणीने, हाताने लिहिलेली ३,०४,८०५ अक्षरं. एक अक्षर गळलं तरी ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. तिला मखमलीचं आवरण घालतात, चांदीचे दागिने चढवतात. कपाट उघडलं की सगळे उभे राहतात. मिरवणुकीने बाहेर काढतात तेव्हा लोक तिला स्पर्श करून ओठांना लावतात. अक्षरांना बोट लागू नये म्हणून वाचताना चांदीची कांडी वापरतात. जीर्ण झाली की टाकून देत नाहीत, माणसासारखी पुरतात. प्राणप्रतिष्ठा, अलंकार, पालखी, भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन यांत वाढलेल्या डोळ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

ग्रंथाच्या बाबतीत मात्र उलटा मामला आहे. वेद पाठ असला पाहिजे. पुस्तकात पाहून म्हणणारा वैदिक आपल्याकडे कमी प्रतीचा मानला गेला. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी शब्दांची उलटसुलट बांधणी करून वेद तोंडी जपला. तोराचं सिनेगॉगमधलं वाचन पाठांतरावरून करता येत नाही. सगळा भाग मुखोद्गत असला तरी डोळा अक्षरावर हवा. एका परंपरेने आवाजावर विश्वास टाकला, दुसरीने अक्षरावर. बार्बरा होल्ड्रेज या अभ्यासक बाईंनी वेद आणि तोरा यांची तुलना करणारा मोठा ग्रंथ १९९६ मध्ये लिहिला. त्यात हा धागा फार बारकाईने पाहिला आहे.

आणि हिंदूंमध्येही मूर्तीबद्दल एकमत कधी नव्हतं. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव, वसमतपासून लांब नाही. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात कीर्तन करायला मज्जाव झाला, तेव्हा नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरलं, ही कथा इथे लहान पोरालाही माहीत असते. विठ्ठलाच्या समचरणांवर जीव टाकणारे हेच नामदेव पंजाबात गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांतला सूर निर्गुणाचा आहे. एकाच माणसात ही दोन्ही टोकं नांदली. यहुदी धर्मात हे होणं नाही.

कीर्तन मात्र तिकडे गेलं. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्राएल मंडळींनी हरिदासांची कीर्तनं ऐकली आणि आपल्याकडेही हे का असू नये, असं त्यांना वाटलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, दाविद हाईम दिवेकर ही त्यातली नावं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी, दिंडी, अभंगांत बांधली गेली, झांज-पेटीच्या साथीवर गायली गेली, पुस्तिका छापल्या गेल्या. तोपर्यंत हिब्रूही परतली होती. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी ती शिकवली ती धर्मांतराच्या आशेने, पण शिकून ही मंडळी अधिक पक्की यहुदी झाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाप्रेसवर वल्हांडणाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. आंबट भांडं झाकणाऱ्या घरांना त्याचं कारण सांगणारी कथा अशी मराठीतून परत मिळाली.

त्या कथेतच दोन धर्मांतला सर्वांत खोल फरक आहे. यहुदी स्मृती एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. आम्ही गुलाम होतो, सोडवले गेलो. वल्हांडणाच्या रात्री प्रत्येकाने आपण स्वतःच इजिप्तमधून निघालो असं समजायचं असतं. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्याचा शोक दोन हजार वर्षांनीही तिथीने पाळतात. आपल्याकडे काळ युगांच्या फेऱ्यात फिरतो. राम-कृष्णांच्या जन्माच्या तिथ्या आपण साजऱ्या करतो, पण त्यांचं साल काढायची आपल्या आजीला कधी गरज भासली नाही.

मरणाकडे पाहतानाही हे जाणवतं. आपल्याला देह जाळायचा असतो, कारण आत्म्याला पुढचा देह घ्यायचा आहे. त्यांना पुरायचा असतो, कारण एके दिवशी मेलेले उठतील. कबालाच्या गूढ परंपरेत पुनर्जन्माची कल्पना आहे खरी, पण ती मुख्य धारा नव्हे. घरातलं दुःख मात्र दोन्हीकडे सारख्याच रीतीने बांधलं आहे. आपलं दहा दिवसांचं सुतक, त्यांची सात दिवसांची शिवा. घरचे खाली बसतात, शेजारपाजारचे जेवण आणतात. मुलगा कद्दीश ही प्रार्थना म्हणतो, आपल्याकडे मुलगा पिंड देतो. पिंड मृताला पोचतो, कद्दीशमध्ये मृताचं नावही येत नाही, मरणाचा उल्लेखही नाही, फक्त देवाची स्तुती आहे. आणि वर्षश्राद्ध दोघंही तारखेने न करता तिथीने करतात.

जात त्यांनाही लागली. गोरे आणि काळे असे दोन भाग पडले. ज्यांची आई बाहेरची, ते काळे. गोरे त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार करत नसत. तोरात जात नाही, पण कोकणात होती. एवढं सोडलं तर गावाने त्यांना सुखाने राहू दिलं, आणि याची किंमत कळायला फार लांब जावं लागत नाही. पोर्तुगीज गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आलं. गार्सिया द ओर्ता हा यहुदी वंशाचा वैद्य तिथे राहत होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याने इथल्या औषधी वनस्पतींची माहिती दिली. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीची पूर्वज त्या ग्रंथात भेटते. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला छुपी यहुदी म्हणून जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. तिथून उत्तरेला किनाऱ्यावरच्या गावांत मात्र शनिवार तेल्यांचे घाणे दर शनिवारी बंद राहत. पुढे टिपूच्या कैदेतून सुटलेल्या कंपनी सरकारच्या सैन्यातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं, शाअर हारहमीम.

अलीकडे हिंदू आणि यहुदी धर्मगुरूंच्या औपचारिक बैठकाही झाल्या, २००७ मध्ये दिल्लीत, २००८ मध्ये जेरुसलेममध्ये. हिंदू एकच परमसत्ता मानतात आणि मूर्तीलाच देव समजत नाहीत, अशा आशयाचं निवेदन तेव्हा निघालं. सद्भाव मोठा होता. पण पंढरपूरच्या वारकऱ्याला विचारा, विटेवरचा विठोबा खरा की प्रतीक? तो काय सांगेल, हे आपल्याला माहीत आहे. फरक पुसून मैत्री करण्यापेक्षा फरकासकट शेजार राखणं कोकणाने आधीच साधलं होतं.

इस्राएलची स्थापना झाल्यावर बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. मराठी बोलणारी ही माणसं लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा गावांत वसली आणि तिथे त्यांना कोकणात कधी न विचारलेला प्रश्न विचारला गेला : तुम्ही खरे यहुदी कशावरून? तुमच्या पूर्वजांनी घटस्फोट आणि दीर-भावजयीचे विवाह शास्त्राप्रमाणे केले होते का? १९६२ मध्ये मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न इतर यहुद्याशी लावण्याआधी त्याची वंशावळ जमेल तितकी मागे तपासावी. कोकणातल्या तेल्याच्या घरी वंशावळीचे कागद कुठून असणार? त्यांच्याकडे होता तो आचार. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये देशाच्या संसदेने ते कोणत्याही बाबतीत इतर यहुद्यांहून वेगळे नाहीत अशी भूमिका घेतली आणि महिनाअखेर रब्बींना फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं. महाराष्ट्रात उरले ते काही हजार. त्यांना राज्य सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा कोणी त्यांची वंशावळ मागितली नाही. इस्राएलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघू लागलं, बायकांच्या मंडळांनी जुनी कीर्तनं पुन्हा गायला घेतली, आणि लग्नाआधी मलिद्याचं ताट आता तिकडेही मांडलं जातं.